कपाळावरचा अंगारा

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. धाकट्या बहिणीपासून मी आयुष्यात काही लपवलं नाही, पण तिलाही हे माहीत नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही मी हे शब्दांत बोलले नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. उद्या मंडईत समोरासमोर आलो तरी मी तुम्हाला ओळखणार नाही, आणि तेच बरं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला समजून घेऊ नका. काही माणसांना ती खोड असते — समोरच्यानं वाईट केलं असं कळलं की लगेच ‘बिचारीवर कामाचा ताण असेल’ म्हणायचं. ताण होता. कुणाला नसतो? ताणामुळे हात थरथरतो, एखादी गोष्ट विसरते. मी विसरले नव्हते. मला सगळं लख्ख कळत होतं.

मी नर्स. माहेर रहिमतपूर, शिक्षण मिरजेत, आणि मग बावीस वर्षं सांगलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत. शेवटची नऊ वर्षं मी तिथली इन्चार्ज सिस्टर होते. हाताखाली अकरा मुली. त्या मला घाबरायच्या, आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार? माझ्या वडिलांना गावात कुणी नीट नमस्कारसुद्धा घालत नसे.

आयसीयूतल्या अत्यवस्थ माणसाच्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात. मानेतून, गळ्याच्या हाडाखालून, नाहीतर जांघेतून. आम्ही तिला नुसतं ‘लाइन’ म्हणतो. तिच्यातून औषध जातं, सलाइन जातं, पोट बंद असेल तर अन्नही जातं. आणि आपण गाफील राहिलो तर त्याच वाटेनं जंतू थेट रक्तात जातात. मग जगत आलेला माणूस चार दिवसांत संपतो. हे टाळायचं कसं, ते मी झोपेतही सांगू शकले असते. दवाखान्यात नवीन मुलगी आली की तिला मीच शिकवायची.

आयसीयूच्या दारावर आमचा एक पांढरा फळा होता. लाइनचा संसर्ग न होता किती दिवस गेले, तो आकडा त्याच्यावर असायचा. रोज सकाळी आल्याआल्या मी निळ्या पेननं तो एकानं वाढवायचे. त्या वर्षी आकडा दोनशेच्या पुढं गेला होता. मोठे डॉक्टर — आम्ही त्यांना सर म्हणायचो — पाहुण्यांना तो फळा दाखवायचे आणि मग माझ्याकडं बोट करायचे. पुढच्या पंधरवड्यात दवाखान्याची तपासणी करायला बाहेरून माणसं येणार होती. त्यांनाही तो फळा दाखवायचा होता.

अशात धुळा आला.

धुळा म्हसवडच्या बाजूचा. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, साखरेचा आजार. बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. यानं मेंढरं कमी करून डाळिंब लावलेलं. आतडं फुटून पोटभर घाण पसरलेली, तीन दिवस घरीच काढलेले. आला तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. खाली तातडीच्या विभागात जिथं सापडली तिथं, म्हणजे जांघेत, लाइन घातली. घाई अशी, की अंगावर पूर्ण निर्जंतुक कापड टाकायलाही कुणाला उसंत नव्हती. यात कुणाची चूक नव्हती. लाइन नसती तर तो टेबलावरच गेला असता. ऑपरेशन झालं आणि त्याला वर आमच्याकडं आणलं.

आता नियम ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. घाईत घातलेली लाइन दोन दिवसांच्या आत काढायची आणि नवीन, नीट निर्जंतुक करून, दुसरीकडं घालायची. जांघेतली तर आधी काढायची, कारण तिथं घाम, लघवी, शौच — सगळं जवळ. त्यात याला साखर, त्यात त्या लाइनमधून दुधासारखं पांढरं अन्न चाललेलं, आणि जंतूंना ते अन्न आपल्यापेक्षा जास्त आवडतं. संसर्गाला जे जे लागतं ते सगळं त्या एका माणसाच्या ठायी होतं. मी चार्ट बघितला तेव्हाच मनात म्हटलं होतं — याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

मी लक्ष ठेवलं ते त्याच्या बायकोवर.

तिचं नाव वैजंता. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. काळी, उंच, हातावर कोपरापर्यंत गोंदण. बाकीचे नातेवाईक भेटायच्या वेळेत येतात, रडतात, पाया पडतात, जातात. ही रडली नाही. ही बघायची. कोण कुठून आलं, कुणी कशाला हात लावला, बाटली कधी बदलली. मेंढरं राखणाऱ्या बाईची नजर ती, पन्नासातलं एक लंगडलं तरी लांबून कळणारी. मला तिचा पहिल्या दिवसापासून राग यायला लागला. कुणी आपल्यावर नजर ठेवावी, ही सवयच मला राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर राउंडला आले. बरोबर दोन ज्युनिअर डॉक्टर, फिजिओथेरपीवाला, माझ्या चार मुली. वैजंता काचेच्या दाराशी उभी होती. सर बाहेर पडताना ती आडवी झाली आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बोट करून म्हणाली,

“डाक्टर, ह्या बाईनं काल त्या पलीकडल्या म्हाताऱ्याची लघवीची पिशवी हातात धरली आन् तसंच येऊन ह्येंच्या नळीला सुई लावली. हात न्हाई धुतलं. म्या बघितलं.”

सर माझ्याकडं वळले. “सिस्टर?”

“धुतले होते, सर.”

नव्हते धुतले. नळीचं तोंड औषधानं पुसायचं असतं, तेही पुसलं नव्हतं. ती खरं बोलत होती. सर ‘ठीक आहे’ म्हणाले, आणि मग दाराजवळच्या बाटलीतलं औषध स्वतःच्या हातावर घेऊन, माझ्याकडं बघत, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा चोळत उभे राहिले. माझ्या मुली खाली बघत होत्या. त्यातली एक ओठ दाबून हसली, हे मला दिसलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती लपवलेली गोष्ट. एकदा हात न धुणं, वर खोटं बोलणं. एवढ्यासाठी कुणी अकरा वर्षं गप्प बसत नाही.

त्याच राउंडला सरांनी सांगितलं होतं — ही जांघेतली लाइन आज काढू, मानेत नवीन घालू, तयारी ठेवा. दुपारी ती घालायला भूलतज्ज्ञ आले. सामानाची ट्रॉली मी लावून ठेवलेली नव्हती. मी म्हटलं, “नातेवाइकांची सही व्हायची आहे, सर. जरा भांडकुदळ लोक आहेत.” ते घड्याळाकडं बघून निघून गेले. सही मागायला वैजंताकडं कुणी गेलंच नव्हतं. ती बाहेर बाकावर बसून होती, दहा पावलांवर. मला तिला ताटकळत ठेवायचं होतं. काय साधणार होतं त्यानं? तिला तर माहीतही नव्हतं की ती कशाची वाट बघतेय. पण मला माहीत होतं, आणि तेवढं मला त्या दिवशी पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी सर पुण्याला गेले. लाइन तशीच.

रविवारी भेटायच्या वेळेत तिनं नवऱ्याच्या पायाला तेल लावायचं म्हणून चादर वर केली आणि थांबली. मग मला हाक मारली. या खेपेला आवाज मऊ होता, कालचं भांडण तिनं मनात ठेवलेलं नव्हतं — ते मी ठेवलं होतं.

“आवं बाई, ह्येंच्या जांगंतली पट्टी वली झालीया. कडंनं सुटलीया बगा. मेंढराच्या जखमंवर असली वली चिंधी ऱ्हायली तर दोन दिसांत वास मारतीया. बदला की.”

“मावशी, हे मेंढरू नाही,” मी म्हटलं. “वेळ संपली. बाहेर व्हा.”

दवाखान्यात मावशी आम्ही झाडूपोछा करणाऱ्या बायकांना म्हणतो. मी तिला मुद्दाम मावशी म्हणायचे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं; माझ्या मुलींना कळायचं.

ती गेल्यावर मी चादर उचलून पट्टी बघितली. ओली होती. एका कडेनं सुटून वर आली होती. बदलायला पाच मिनिटं लागली असती. मी चादर खाली सोडली. का — हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तिनं सांगितलं म्हणून. दुसरं काही कारण नाही. मेंढरामागची बाई मला, एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला, ड्रेसिंग शिकवणार — आणि मी तिच्या सांगण्यावरून ते करणार? संध्याकाळी लाइनच्या तपासणीच्या कागदावर मी सही केली. ‘ड्रेसिंग कोरडे, चिकटलेले.’ इन्चार्जनं असं लिहिल्यावर पुढच्या पाळीच्या मुलींनीही तेच लिहिलं.

मंगळवारी धुळाची तब्येत सुधारली होती. श्वासाची नळी निघाली. रक्तदाबाचं औषध जवळजवळ बंद झालं. त्यानं घोगऱ्या आवाजात ताक मागितलं. मला हसू आलं, कारण आतडी शिवलेल्या माणसाला कोण ताक देणार. “चार दिवस दम धरा,” मी म्हटलं. तो म्हणाला, “चार दिस तर चार दिस.” धुळा वाईट माणूस नव्हता. त्याच्याशी माझं काही वैर नव्हतं. हे मी का सांगतेय? तुम्हाला ते कळावं म्हणून.

त्या दिवशी वैजंता गावाकडनं आली. पोरीला बघून आली होती. कनवटीला कागदाची पुडी — म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा. आत आली आणि आधी बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले. भिंतीवरच्या चित्रात दाखवलं होतं तसे, नखांसकट. मग माझ्याकडं बघून पुडी दाखवली. “लावू का?” मी मान हलवली. तिनं चिमूटभर अंगारा नवऱ्याच्या कपाळाला लावला. फक्त कपाळाला. पुडी पुन्हा कनवटीला. चादरीला हात लावला नाही, लाइनला तर नाहीच. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

बुधवारी दुपारी लाइनमधून औषध सोडलं आणि पाव तासात धुळाला हुडहुडी भरली. पलंग हलत होता इतकी. ताप काट्यावर चढत गेला. ज्यानं लाइनची थोडी जरी कामं केली आहेत त्याला अशी थंडी बघितल्यावर दुसरं काही सुचत नाही. मी चादर उचलली. पट्टी तशीच, आता कडेला पिवळसर. रक्ताचे दोन नमुने घेतले, एक लाइनमधून, एक हातातून. आता लाइन काढली. दहा मिनिटांत काढली, सहा दिवस लागले नाहीत त्याला.

शुक्रवारी अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत एकच जंतू, लाइनच्या नमुन्यात आधी वाढलेला, म्हणजे लाइनमधूनच रक्तात गेलेला. तो राखेत राहणारा नव्हता. दवाखान्यात राहणारा होता — आमच्या बेसिनांवर, आमच्या हातांवर — आणि आमच्याच औषधांना सरावलेला. धुळाच्या तोंडात पुन्हा श्वासाची नळी होती. सर पुण्याहून आले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तपासणीवाल्यांच्या फायली लावून ठेवलेल्या.

“सिस्टर, ती लाइन सहा दिवस का राहिली?”

मी आत जाताना काही ठरवून गेले नव्हते, एवढं खरं. पण तोंड उघडलं तेव्हा शब्द अगदी तयार होते.

“सर, ती बाई रोज अंगारा लावत होती. लाइनच्या तोंडाशी मला राख सापडली होती. मी पुसून काढली. अडाणी माणसं, दुःखात आहेत, म्हणून बोलले नाही. माझं चुकलं.”

ऐकलंत? खोट्यातसुद्धा मी स्वतःला दयाळू करून घेतलं.

सरांनी समोरची एक फाइल सरळ केली. राख आणि तो जंतू यांचा मेळ बसत नाही हे त्यांना कळत नसेल? मला वाटतं, कळत होतं. ते म्हणाले, “लिहून द्या.” मी लिहून दिलं. नातेवाइकांनी बाहेरील पदार्थ लावल्याने. खाली सही. दारावरचा आकडा कुणी पुसला नाही. शनिवारी सकाळी मी तो एकानं वाढवला.

धुळा शनिवारीच दुपारी गेला.

इथपर्यंत आल्यावर मी दोनदा लिहायची थांबले. कारण एवढंही मी कदाचित पचवलं असतं. डॉक्टरांना खोटं सांगणं, कागदावर खोटं लिहिणं — असल्या कागदांची दवाखान्यात कमी नसते. पण त्या दुपारी वैजंताचा दीर आला होता, मारुती. तो काचेच्या दाराशी उभा राहून परत परत एकच विचारत होता. “बरा हुता की त्यो. मंगळवारी ताक मागत हुता. मग झालं काय?” आवाज चढत चालला होता. बाकावरची दोन-चार माणसं उठून उभी राहिली. सर माझ्याकडं बघायला लागले.

मी पुढं झाले. मारुतीकडं नाही, वैजंताकडं गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

“मावशी, तुम्ही अंगारा लावला होतात ना? त्यातनं जंतू गेले. रक्तात.”

माझा आवाज प्रेमळ होता. मारुती वहिनीकडं वळला. त्याचा सगळा राग, आमच्यावर कोसळायला आलेला, जागच्या जागी दिशा बदलून तिच्याकडं गेला. मला ते दिसलं आणि मला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही. आनंद झाला. राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट करणारी बाई — आता सगळे तिच्याकडं बघत होते.

तिनं कनवटीची पुडी काढली, उघडली, आतल्या राखेकडं बघितलं. मग मला एकच प्रश्न विचारला.

“म्या कपाळाला लावला. कपाळाचा तिथवर जातो?”

अजूनही वेळ होती. ‘नाही’ एवढं एका शब्दाचं उत्तर होतं.

“जातो,” मी म्हटलं. “रक्त काय, सगळीकडं फिरतं.”

ती रडली नाही. मान हलवली, एखादी गोष्ट समजल्यावर हलवतो तशी. पुडी पुन्हा बांधली. ती टाकावी कुठं हे तिला कळेना, म्हणून हातात तशीच धरून बसली.

त्यानंतर तीन वर्षांनी मी नोकरी सोडली. सत्कार झाला, साडी मिळाली, सर चांगलं बोलले. नवऱ्यानं साताऱ्यात फ्लॅट घेतला होता, तिथं राहायला आलो. घरात बसवेना म्हणून एका नर्सिंग कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस शिकवायला लागले. विषय कोणता, सांगायला नको. संसर्ग कसा टाळावा. मुली मला मॅडम म्हणतात आणि टिपणं काढतात.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात विचारलं, लाइनचा संसर्ग व्हायचा धोका कशानं वाढतो? एक मुलगी उभी राहिली. कोमल, हुशार, अक्षर सुरेख. तिनं सगळं क्रमानं सांगितलं — घाईत घातलेली लाइन, जांघेतली लाइन, लांबलेले दिवस, शिरेतून अन्न, साखरेचा आजार, ओली पट्टी, न धुतलेले हात. माझ्याच टिपणातलं, शब्दन् शब्द. मी ‘छान’ म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली,

“आणि नातेवाइकांनी अंगारा लावणं, मॅडम. पुस्तकात नाहीये. पण माझे वडील त्यानं गेले. आईनं लावला होता.”

मी विचारलं, “गाव कोणतं तुझं?” तिनं सांगितलं. म्हणजे मला आता शंकाही उरली नव्हती. एकवीस-बावीस वर्षांची ती मुलगी समोर उभी होती, आणि पन्नास मुली माझ्याकडं बघत होत्या.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “असं होऊ शकतं. बस.”

सांगलीत निदान तपासणी होती, नोकरी होती, चढलेल्या आवाजाचा तो दीर होता. इथं काय होतं? एक वर्ग. फार तर तास संपेपर्यंतची लाज. तेवढीही मला नको होती. तास संपल्यावर कोमल माझ्याजवळ आली. तिला मोकळं व्हायचं होतं. आई तेव्हापासून कुणाच्या कपाळाला हात लावत नाही, म्हणाली. चुलतबहिणीच्या लग्नात सवाष्णींना तर सोडाच, पण पोराबाळांनाही तिनं स्वतःहून कुंकू लावलं नाही. आजी मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्याली नाही. काकांनी वाटणी करून घेतली, बांधावरचं बोलणं बंद. “म्हणून मी नर्सिंगला आले, मॅडम. आईसारखी अडाणी चूक दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये.” आई या शब्दाच्या आधी तिच्या तोंडात जो कडवटपणा आला, तो मी घातलेला होता. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

परीक्षेतही तिनं तो मुद्दा लिहिला. मी त्याच्यापुढं बरोबरची खूण केली.

मागच्या उन्हाळ्यात तिची तुकडी बाहेर पडली. निरोपाचा कार्यक्रम होता, पालक आले होते. मंडपाच्या कडेला कोमल मला शोधत आली, मागं तिची आई. केस पांढरे झालेले, उंची तीच. मी पळाले असते, पण खुर्च्यांची रांग आडवी होती.

“आये, ह्याच आमच्या मॅडम.”

वैजंतानं माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून तशीच होती. तिनं मला दोन क्षणांत ओळखलं. कोमल पाणी आणायला गेली तशी ती जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली,

“तुमी सांगलीच्या न्हवं? वळखलं म्या. लय दिस मनात हुतं, पन भेटणार कवा आन् कुठं.” तिनं कोमल गेली त्या बाजूला एकदा बघून घेतलं. “म्या तवा डाक्टरापुढं तुमचं नाव घेतलं. हात न्हाई धुतलं म्हून. वाईट माझंच हात हुतं आन् तुमास्नी बोलले. पोटात ठिवू नका.”

तिनं हात जोडले. तिच्या बोटांची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडलेली, भेगाळलेली होती.

मला काय वाटलं, तेही सांगते. मला तिचा राग आला. हिनं इथं का यावं, हात का जोडावेत, हिनं मला शिव्या का देऊ नयेत? एखाद्याचं इतकं वाईट केलं की त्याचं तोंड बघवत नाही, आणि तो समोर आला तर वाटतं, त्यानंच आपल्याला छळायला घेतलंय. आजही तिची आठवण झाली की आधी रागच येतो, मग बाकीचं.

ती उत्तराची वाट बघत होती.

“असू द्या,” मी म्हटलं. “मी कधीच मनातून काढून टाकलं.”

म्हणजे मी तिला माफ केलं. तिचे डोळे भरले — नवरा गेला तेव्हा न भरलेले. ती वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली आणि मी तिला अडवलं नाही.

कोमल आता सांगलीत आहे, दुसऱ्या एका दवाखान्याच्या आयसीयूत. अधूनमधून फोन करते. गेल्या महिन्यात सांगत होती, एका म्हाताऱ्या बाईच्या हातातली अंगाऱ्याची पुडी तिनं दाराशीच काढून घेतली, तिच्यादेखत कचऱ्यात टाकली, आणि चार शब्द असे सुनावले की बाई पुन्हा मुलाला भेटायला आत यायलाच धजली नाही. मी म्हटलं, चांगलं केलंस.

वैजंता गावीच असते. म्हसवडच्या गाडीनं फाट्यावर उतरलं की घर दिसतं, असं कोमलनं सांगितलं होतं. या म्हणाली होती एकदा. साताऱ्याहून सकाळी थेट गाडी आहे. मी गेलेले नाही. हे लिहून झालं म्हणून जाईन, असंही नाही.